दुरुस्तीच्या आधी हॉटेल रिकामं करावं लागतं

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. विचारणारे काही वर्षांपूर्वी क्रोएशियात दुब्रोव्हनिकला गेले होते. जुन्या शहराच्या पिले वेशीबाहेर त्यांनी इंपीरियल हॉटेल पाहिलं. १८९७ सालचं, क्रोएशिया युगोस्लावियातून फुटला तेव्हाच्या, १९९१ ते १९९५ च्या युद्धात तोफगोळे झेललेलं, आणि आता हिल्टनच्या नावाखाली झकास चालणारं. तिथून गाडीने थोडंसं पुढे, कुपारीच्या खाडीत मात्र एकाला लागून एक अशा हॉटेलांचे नुसते सांगाडे उभे होते. युद्ध एकच, किनारा एकच, मग एक उभं राहिलं आणि बाकीची का नाहीत? आणि मुख्य शंका अशी की युद्ध संपल्यावर सरकारने हॉटेलं दुरुस्त करायला पैसा दिला तर त्याने पर्यटन खरंच वाढतं, की तो मालकांच्या खिशात जातो?

मी हॉटेलांच्या कर्जाच्या फायली तपासण्याचं काम करतो. आधी बँकेत होतो, आता सल्लागार म्हणून. त्यामुळे उत्तर हिशेबाच्या बाजूने येईल, पर्यटन खात्याच्या पोस्टरसारखं येणार नाही.

माझ्या लेखी पैसा हा या प्रकरणातला तिसरा प्रश्न आहे. त्याआधी दोन प्रश्न सुटावे लागतात. हॉटेलात सध्या कोण राहतंय, आणि हॉटेल कोणाचं आहे? हे दोन्ही सुटले नसतील तर सरकारने कितीही निधी जाहीर करू दे, तो खात्यातच पडून राहतो किंवा भलतीकडे जिरतो.

पहिल्या प्रश्नाचंच बघा. युद्धात हॉटेलं ओस पडतात असं आपल्याला वाटतं. उलट ती खचाखच भरतात, फक्त पाहुणे बदलतात. क्रोएशियात १९९० साली सुमारे ८५ लाख पर्यटक आले होते. १९९१ मध्ये तो आकडा २५ लाखांच्याही खाली गेला. पण त्याच वर्षी पूर्वेकडचं वुकोवार, दुब्रोव्हनिकजवळचं कोनाव्ले अशा भागांतून घरदार सोडून निघालेले लोक किनाऱ्यावरच्या हॉटेलांत येऊन राहिले, आणि १९९२ पासून बोस्नियातले निर्वासित. इस्त्रियाचा किनारा आघाडीपासून लांब. तिथल्या हॉटेलांवर गोळा पडलाच नाही, तरीही खोल्या विस्थापितांनी भरल्या होत्या. म्हणजे भिंत शाबूत आणि धंदा बंद. या नुकसानीचा फोटो निघत नाही, त्यामुळे मदतीच्या यादीतही ते लवकर येत नाही.

हॉटेलची खोली दोन माणसांनी रात्री झोपण्यासाठी आखलेली असते. पाहुणा सकाळी नाश्ता करून बाहेर पडतो, संध्याकाळी येतो, आठवड्याने निघून जातो, आणि हिवाळ्यात किनाऱ्यावरचं अर्धं हॉटेल बंदच असतं. त्याच खोलीत पाच माणसांचं कुटुंब बारा महिने चोवीस तास राहिलं की काय होतं याची कल्पना करा. विजेची शेगडी लागते ती बाथरूमच्या दारात, कारण प्लग तिथेच असतो. कपडे गॅलरीत वाळतात, थंडीत गॅलरीला प्लास्टिक लागतं. ओल आत मुरते. सांडपाण्याच्या पाइपात रोजचं स्वयंपाकाचं तेल जातं. त्या लोकांचा यात काडीचाही दोष नाही, त्यांना घर हवं होतं आणि मिळाली हॉटेलची खोली. पण पाच-सहा वर्षांनी तुम्ही तिथे इंजिनियर घेऊन गेलात तर रंगरंगोटीने भागत नाही, प्लंबिंग आणि वायरिंग मुळापासून बदलावं लागतं. शिवाय अशा मुक्कामासाठी सरकार जो दर देतं तो सहसा पर्यटकाच्या दराच्या जवळपासही नसतो, आणि वेळेवर येईल याचा भरवसा नसतो. हॉटेल कंपनी त्या वर्षांत देखभालीला पैसे कुठून काढणार?

आता हे लोक बाहेर कसे काढायचे? नोटीस लावून? त्यांना परत जायला घर नसेल तर कोणतंही सरकार, निदान मतं मागणारं सरकार, ते करणार नाही. म्हणून एड्रियाटिक समुद्रावरच्या, म्हणजे या किनाऱ्यावरच्या, हॉटेलांच्या दुरुस्तीतला सगळ्यात मोठा खर्च मी हॉटेलांत धरतच नाही. तो कोनाव्लेच्या खेड्यांतल्या छपरांवर आणि पूर्व स्लावोनियातल्या घरांवर झाला. पूर्व स्लावोनिया, म्हणजे वुकोवारचा भाग, शांततेने क्रोएशियाच्या ताब्यात परत आला तो जानेवारी १९९८ मध्ये. युद्ध १९९५ ला संपलं, पण बऱ्याच विस्थापितांच्या परतीचा रस्ता त्यानंतर मोकळा झाला. पर्यटन खात्याच्या अंदाजपत्रकात ही घरबांधणी कुठेच दिसत नाही, आणि तरी ती झाल्याशिवाय हॉटेलची खोली विकायला मिळत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर हाच पेच सैन्याने घातला होता. व्हिएन्नात झाखर (Sacher) हॉटेल ब्रिटिशांकडे, ब्रिस्टॉल अमेरिकनांकडे, आणि इंपीरियल १९५५ पर्यंत सोव्हिएत सैन्याकडे. टोकियोचं इंपीरियल १९५२ पर्यंत, हाकोनेचं फुजिया १९५४ पर्यंत अमेरिकन ताब्यात. मात्र इथे एक फरक आहे, आणि तो माझ्या धंद्यातल्या माणसांना लगेच पटतो. अधिकाऱ्यांसाठी ताब्यात घेतलेलं हॉटेल चालू राहतं. बॉयलर पेटता असतो, स्वयंपाकघर चालतं, नोकरवर्ग टिकतो. अशी इमारत परत मिळाली की मालक कुरकुरतो, पण काही महिन्यांत दार उघडतो.

सगळ्यात वाईट दशा पूर्ण बंद हॉटेलची. समुद्रकाठचं बंद हॉटेल पाहायला गेलं की मालक आधी लॉबी आणि एखादी झाडून ठेवलेली खोली दाखवतो. मी तळघर उघडायला सांगतो. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचलेलं असतं, त्यावर काळी साय. लाँड्रीतल्या यंत्रांचे ड्रम गंजून जाम. गच्चीवरच्या एसी युनिटच्या पत्र्याला हात लावला की खाऱ्या हवेने कुरतडलेला भुगा बोटांना लागतो. फायर पंप फिरत नाही. किचनच्या चिमणीत जुनं तेल दगडासारखं झालेलं. पलंग, पडदे, गालिचे यांची चिंता कोणीच करू नये, ते पैसे दिले की पंधरा दिवसांत येतात. हॉटेल सुरू होण्याची तारीख तळघर ठरवतं. कोकणात आणि गोव्यात हे मी पाहिलंय, आणि तिथे युद्धबिद्ध काही नव्हतं, फक्त भावाभावांतले कोर्टकज्जे होते.

त्यावरून दुसरा प्रश्न, मालकीचा. कुपारीचं उत्तर इथेच आहे.

युगोस्लावियात हॉटेलं बहुतेक ‘सामाजिक मालकीची’ होती. म्हणजे सरकारची नाहीत, खासगी तर नाहीतच. कागदोपत्री समाजाची आणि चालवायला कामगारांच्या हाती. क्रोएशियाने १९९१ मध्ये कायदा करून या कंपन्यांचं रूपांतर भागभांडवलात सुरू केलं. काही शेअर कामगारांना सवलतीत गेले, जे खपले नाहीत ते खासगीकरण निधीकडे आणि पेन्शन फंडांकडे. आता कर्ज देणाऱ्याच्या खुर्चीत बसा. समोर हॉटेल कंपनी आहे. तिच्यावर आधीची कर्जं आहेत, खोल्यांत विस्थापित आहेत, आणि सर्वात मोठा भागधारक म्हणजे एक सरकारी निधी, जो ती उद्या विकणार आहे. कोणाशी करार करायचा? तारण कोण लिहून देणार? व्यवस्थापकाला स्वतःलाच ठाऊक नाही की पुढच्या उन्हाळ्यात तो नोकरीवर असेल का. अशी फाइल मी तरी मंजूर केली नसती.

कुपारीत तर कंपनीच नव्हती. ती बहुतेक वसाहत युगोस्लाव्ह लष्कराच्या अधिकाऱ्यांच्या सुट्ट्यांसाठी बांधलेली. १९९१ च्या शरदात त्याच लष्कराने तिच्यावर तोफा डागल्या, मग लूट आणि जाळपोळ. नंतर जागा क्रोएशियन सैन्याकडे गेली आणि २००१ पर्यंत राहिली. सैन्य निघून गेलं तेव्हा मागे उरली ती सरकारी जमीन आणि छप्पर उडालेल्या इमारती. ना नोकरवर्ग, ना ग्राहकांची यादी, ना जुने करार, ना कर्जाच्या कागदावर सही करणारा माणूस. सरकारला ‘दुरुस्तीला मदत’ द्यायची म्हटलं तरी घेणार कोण? मग उरतो एकच मार्ग, निविदा काढून सबंध खाडी एखाद्या बड्या गुंतवणूकदाराला देणं. त्यात किती वर्षं जातात ते विचारणाऱ्यांनी स्वतःच पाहिलं आहे. दुब्रोव्हनिकमध्येच बेल्व्हेडेर नावाचं आलिशान हॉटेलही १९९१ मध्ये फुटलं आणि पुढे कैक वर्षं तसंच राहिलं. एका गाजलेल्या इंग्रजी मालिकेतलं द्वंद्वयुद्ध त्याच्या पडीक रंगमंचावर चित्रित झालं. भग्नावशेषाचं एवढंच उत्पन्न.

दुब्रोव्हनिकच्या इंपीरियलची गोष्ट वेगळी होती, पण चमत्कार तिथेही नव्हता. डिसेंबर १९९१ च्या भडिमारात ते जळलं तेव्हा आत विस्थापित राहत होते. नवं रूप घेऊन ते उघडलं २००५ मध्ये. मधली तेरा-चौदा वर्षं मोजा. तरी त्याच्याकडे जागा अव्वल होती, इमारतीला इतिहास होता, आणि मुख्य म्हणजे ते विकत घेऊन ब्रँड आणता येईल इतकी मालकी स्पष्ट होऊ शकली. ‘युद्धानंतर पाच वर्षांत पूर्वपदावर’ असं कोणी योजनेत लिहिलं असेल तर मी त्या आकड्याभोवती लाल वर्तुळ काढतो. सबंध क्रोएशियाला १९९० चा पर्यटकसंख्येचा आकडा ओलांडायला २००३ उजाडलं.

आता पैसा. युद्धानंतर सरकारशिवाय दुसरं कोणी पुढे का येत नाही याचं साधं कारण विम्यात आहे. मालमत्तेच्या नेहमीच्या पॉलिसीत युद्धाने झालेलं नुकसान वगळलेलं असतं. म्हणजे हॉटेल फुटलं तर दावा मिळत नाही, आणि दुरुस्त केल्यावर पुन्हा फुटलं तरी मिळणार नाही. बँकेला ही जोखीम तोलताच येत नाही, म्हणून ती व्याजदर वाढवत बसत नाही, सरळ नाही म्हणते. इथे सरकारने अनुदानाचा चेक फाडण्यापेक्षा हमी घेणं आणि लांब मुदतीचं स्वस्त कर्ज देणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. कर्ज घेणारा तळघराचा हिशेब करतो. अनुदान घेणारा लॉबीत संगमरवर घालतो. हा माझा अनुभव, आणि त्याला अपवाद फार थोडे.

याचा उत्तम नमुना ऑस्ट्रियात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मार्शल योजनेत अमेरिकेने युरोपला बहुतांश मदत मालाच्या रूपात दिली: धान्य, कोळसा, यंत्रं. ऑस्ट्रियन सरकारने तो माल देशात विकायचा आणि आलेले शिलिंग, म्हणजे तिथलं तेव्हाचं चलन, वेगळ्या खात्यात ठेवायचे. त्या खात्यातून, अमेरिकेच्या संमतीने, देशातल्या उद्योगांना कर्जं द्यायची. काप्रुनचं जलविद्युत धरण त्यातून पूर्ण झालं, आणि टिरोल, साल्झबुर्ग, फोरार्लबेर्ग या पश्चिमेकडच्या प्रांतांतली हॉटेलं आणि स्कीच्या केबल लिफ्टसुद्धा. मोठा वाटा पश्चिमेलाच गेला, कारण पूर्व भाग सोव्हिएत ताब्यात होता आणि तिथे पैसा घालायला कोणी धजत नव्हतं. कर्जं फिटत गेली तसा तोच पैसा पुन्हा फिरत राहिला. १९६२ मध्ये त्याचा कायदेशीर निधी झाला, आणि तो आजही ऑस्ट्रियन उद्योगांना कर्ज देतो. एकदाच मिळालेली मदत सत्तर वर्षांहून अधिक काळ राबतेय. अनुदान वाटलं असतं तर १९५५ पर्यंत त्याचं नावही उरलं नसतं.

जर्मनीत याच योजनेच्या पैशाची व्यवस्था पाहायला १९४८ साली एक विकास बँक निघाली. क्रोएशियाने युद्ध चालू असतानाच, १९९२ मध्ये, तिच्याच धर्तीवर स्वतःची पुनर्बांधणी बँक काढली. सुरुवातीला तिच्याकडे पैसा तुटपुंजा होता, आणि हॉटेलांच्या मालकीचा घोळ मी वर सांगितला तसा. त्यामुळे मला महत्त्वाचं वाटतं ते नंतरचं पाऊल. २००२ पासून पर्यटन खातं आणि या बँकेने मिळून लहान कौटुंबिक हॉटेलांसाठी व्याजात सवलत देणारी कर्जयोजना चालवली. घर स्वतःचं, सातबारा म्हणा हवं तर स्वच्छ, चालवणारे नवरा-बायको आणि मुलं. मोठ्या कंपन्यांचं गाडं खासगीकरणात रुतलेलं असताना ज्याची मालकी वादातीत आहे त्याला आधी उभं करायचं, हे मला फार मुरलेल्या बँकरचं डोकं वाटतं.

तारखेबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण सरकारी योजना नेमक्या तिथे फसतात. किनाऱ्यावरच्या हॉटेलचं वर्ष बारा महिन्यांचं नसतं, शंभर-सव्वाशे दिवसांचं असतं. परदेशी सहल कंपन्या पुढच्या उन्हाळ्याच्या खोल्या आदल्या वर्षीच ठरवतात. कर्जाचा शेवटचा हप्ता मार्चमध्ये मिळाला तर हॉटेल ईस्टरला उघडतं. तोच जूनमध्ये मिळाला तर ते वर्ष गेलं, व्याज मात्र चालू. म्हणून हप्ते देण्याचं वेळापत्रक हंगामाला बांधलेलं असावं लागतं, आर्थिक वर्षाला नाही. आणि परतफेड सुरू व्हायच्या आधी किमान दोन उन्हाळे मोकळे द्यावेत, कारण पहिल्या हंगामात येणारा पाहुणा स्वस्त भावातच येतो. आपल्याकडे कोविडनंतर २०२१ मध्ये आतिथ्य क्षेत्राला सरकारी हमीवर जी जादा कर्जं दिली, त्यात सहा वर्षांच्या मुदतीत पहिली दोन वर्षं मुद्दल फेडायचं नव्हतं. ती दोन वर्षं नसती तर गोव्यातली कितीतरी मध्यम हॉटेलं मी लिलावात पाहिली असती.

विटांना हात न लावता केलेली मदत हीसुद्धा मदतच असते, आणि पुष्कळदा जास्त स्वस्त पडते. मार्शल योजनेच्याच काळात अमेरिकेने परदेशातून परतणाऱ्या आपल्या प्रवाशांना शुल्क न भरता आणता येणाऱ्या वस्तूंची मर्यादा १०० डॉलरवरून १९४८ मध्ये ४०० आणि १९४९ मध्ये ५०० डॉलरवर नेली. युरोपला डॉलर हवे होते, आणि खरेदी करणारा पर्यटक ते स्वतः घेऊन येत होता. क्रोएशियाने १९९८ मध्ये २२ टक्के मूल्यवर्धित कर आणला, पण परदेशातून गटाने येणाऱ्या पर्यटकांच्या मुक्कामावर तो पुढे काही वर्षं शून्य ठेवला. दुब्रोव्हनिकचं जुनं शहर १९९१ पासून युनेस्कोच्या धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत होतं, १९९८ मध्ये त्यातून बाहेर आलं. सहल कंपनीच्या दृष्टीने ही बातमी कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोठी. तटावरून दिसणाऱ्या त्या लाल छपरांत जी जास्त भडक, एकसारखी दिसतात ती युद्धानंतरची. तिथे फिरताना नीट पाहिलं की अख्खं शहर कुठे कुठे फुटलं होतं ते कळतं.

राहिली खिशाची शंका. ती रास्त आहे. जपानने १९४९ मध्ये परदेशी पर्यटकांसाठीच्या हॉटेलांचा कायदा केला. खोल्या आणि सोयी ठरलेल्या दर्जाच्या असल्या तर सरकारदरबारी नोंदणी, आणि नोंदणी असेल तर करात सवलती. हॉटेलवाल्याला रोख काही द्यायचं नाही. तो धंदा करेल तोवर फायदा मिळेल, आणि दर्जा घसरला तर नोंदणी काढून घेता येईल. मला ही रचना आवडते, कारण पैसा आधी देऊन मग पाठलाग करावा लागत नाही.

उलट बाजूला श्रीलंका. मे २००९ मध्ये युद्ध संपलं. त्या वर्षी पर्यटक साडेचार लाखांच्या आसपास होते, २०१८ मध्ये २३ लाखांवर गेले, आणि त्यांत भारतीय सर्वाधिक. आकडा देखणा आहे. पण पूर्व किनाऱ्यावर पासिकुडासारख्या ठिकाणी सरकारने किनारा आखून मोठ्या रिसॉर्टना भूखंड दिले, आणि उत्तरेत कांकेसंतुराईला तर खुद्द लष्करच हॉटेल चालवू लागलं, तेही ज्या पट्ट्यात आजूबाजूचे तमिळ लोक आपल्या जमिनी परत मागत होते. म्हणजे माझे पहिले दोन प्रश्न, आत कोण आणि मालकी कोणाची, न सोडवताच तिसऱ्याकडे उडी मारली. खोल्या झाल्या, पर्यटक आले, आणि वाद जमिनीत तसाच राहिला.

काश्मीरला दर उन्हाळ्यात जाणाऱ्या मराठी मंडळींना हे फार परकं वाटू नये. नव्वदच्या दशकात श्रीनगरमधली कित्येक हॉटेलं सुरक्षा दलांच्या मुक्कामाला होती. त्यांच्या मालकांपुढेही आधी ताबा, मग भाड्याची थकबाकी, मग दुरुस्ती, आणि सर्वांत शेवटी पर्यटक असाच क्रम होता.

तेव्हा एखाद्या देशाने अशी योजना जाहीर केली आणि ती खरी आहे की दिखाऊ हे ओळखायचं असेल, तर रकमेचा आकडा सोडून द्या आणि चार गोष्टी शोधा. खोल्यांतल्या लोकांची सोय कुठे केली आहे? मालकी ठरलेली नसेल तर ती ठरवायला मुदत घातली आहे का? हप्ते हंगामाच्या आधी मिळणार आहेत का? आणि मदत घेतल्यावर अमुक वर्षं हॉटेल विकता येणार नाही, विकलं तर पैसे व्याजासह परत, असं कलम आहे का? हे शेवटचं कलम नसेल तर तुमची शंका खरी ठरते. दुरुस्त झालेलं हॉटेल तिसऱ्या वर्षी दुप्पट भावाने विकलं जातं, आणि नफ्यात सरकारचा छदामही नसतो.